वडिलांचं फ्लीसचं जाकीट

वडील बैलगाडीवरून पडले आणि त्यांचा उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण त्या खांद्याला घोंगडीचं ओझं सोसेना. निरगुडसरला आमचं कांद्याचं रान होतं आणि थंडीत सकाळची लाइट असली की त्यांना पाणी भरायला जायचंच असायचं. म्हणून मी हलकं, उबदार काहीतरी शोधू लागलो. नव्या शतकाची ती पहिली काही वर्षं असतील.

आधी आळेफाट्यावरच्या हातगाडीवरून एक जाकीट आणलं. विकणारा त्या लोकरीसारख्या मऊ कापडाला फ्लीस म्हणाला. दोन धुण्यांत त्याच्या गोळ्या झाल्या आणि कापड विरलं. तेव्हापासून फ्लीस म्हटलं की वडील मान फिरवायचे.

पुढं जुन्नरला एका म्हाताऱ्या मुसलमान व्यापाऱ्याच्या दुकानात मी त्यांना आग्रहानं नेलं. वडिलांनी तिथलं एक फ्लीसचं जाकीट ताणलं, हुंगलं, उजेडात धरलं. मग तोंडाला लावून फुंकर मारली.

"आरपार जाती," ते म्हणाले. "वारं कसं थांबंल?"

"वारं नाही थांबणार, भाऊ. वाऱ्यात वरून पातळ रेनकोट घाला. आणि शेकोटीपासून लांब बसा, ठिणगीनं वितळतं."

मी ते घेतलं. बाहेर आल्यावर वडील म्हणाले, "आपल्या मालाची खोट कोण सांगतं का? त्याच्या पोटात कायतरी हाय." खरं सांगायचं तर शंका मलाही आली होती.

घरी येताच त्यांनी आतला धागा ओढून पेटत्या काडीवर धरला. त्याचा काळा टणक मणी झाला. हे प्लास्टिक अंगाला चिकटेल म्हणत त्यांनी जाकीट खुंटीला टांगलं. बरेच दिवस ते तिथंच होतं. एका कडाक्याच्या सकाळी मात्र मला न सांगता वडील ते घालून रानात गेले आणि पाटाच्या कडेवरून पाय घसरून छातीपर्यंत पाण्यात पडले.

हाक ऐकून मी धावलो. ते काठावर कुडकुडत बसले होते. मी जाकीट काढून पिळलं, झटकलं. बहुतेक पाणी निघून गेलं. सदरा अंगाला गारठून चिकटला होता. तो उतरवून त्यांनी उघड्या अंगावर तेच ओलसर जाकीट चढवलं आणि उन्हात बसले. थोड्या वेळानं दातांची कडकड थांबली. वडील बाही चाचपत राहिले.

"लोकर अशी लगेच सुकत न्हाई," ते म्हणाले, पण सूर तक्रारीचाच होता.

पुढच्या बाजाराला ते एकटेच जुन्नरला गेले आणि आईसाठी तसंच एक घेऊन आले. आईनं ते उलटंपालटं करून पाहिलं.

"आधी कुणी घातलेलं तर नाय ना?" असं विचारून तिनं ते अंगाला न लावता साबणाच्या पाण्यात भिजत टाकलं.