बापूरावांची एक फेरी

माझ्या मेहुणीची सोयरीक मी सायकलवरून पडल्यामुळे जमली, हे आमच्या घरात कुणीही मान्य करत नाही.

मी परभणीत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. माझ्या वयाचे बाकीचे मास्तर प्लॉट बघतात. मी भंगारातून एक जुनी रेसर सायकल आणली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, दोन बोटं रुंदीचे टायर. तीन महिने घासून-पुसून ती उभी केली. आता नव्या, हलक्या सायकली मिळतात. पण त्या रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट मणक्याला कळवतात. पोलादी सायकल निम्मा खड्डा स्वतः गिळते. हे मी बायकोला, सुनंदाला, अनेकदा समजावून सांगितलं. ती एवढंच विचारायची, “मग हिला कॅरेज का न्हाई?”

त्या रविवारी वर्षाला, म्हणजे माझ्या मेहुणीला, पाहायला पिंगळीचे पाहुणे पेडगावला येणार होते. सुनंदा दोन दिवस आधीच माहेरी गेली होती. तिथून तिनं मला फोनवर तीन सूचना दिल्या.

“अहो, दहाच्या आत या. इस्त्रीचे कपडे घाला. अन् ते खटारं आणू नका.”

तिन्ही सूचना मी नीट ऐकल्या. आणि सकाळी सायकलवर निघालो! इस्त्रीचे कपडे पिशवीत घालून पिशवी हँडलला अडकवली. अंगात मांडीला चिकटणारी काळी चड्डी आणि पिवळाधमक टी-शर्ट. (आरशात मी बराच वेगवान दिसत होतो.) रस्ता सुरेख होता, दोन्ही बाजूंना कापूस होता, चाकं गुणगुणत होती. मी इतका रंगून गेलो, की पिशवी कुठं पडली ते मला आजतागायत माहीत नाही. पेडगावची वेस आली तेव्हा हँडल रिकामं होतं.

आता या सायकलीच्या पेडलला चामडी पट्टे आहेत. पाय त्यात घालून आवळायचा, म्हणजे पेडल मारताना घसरत नाही. थांबण्याआधी पट्टा सैल करायचा असतो. हे मला माहीत होतं. सासऱ्यांच्या अंगणात सतरंजीवर बसलेली दहा-बारा माणसं आणि पोह्यांचा ट्रे घेऊन उभी असलेली वर्षा दिसली, आणि हे ज्ञान डोक्यातून गेलं. मी ब्रेक दाबला. सायकल थांबली. पाय अडकलेलेच. मी अत्यंत सावकाश, सगळ्यांना नीट बघता येईल अशा बेतानं, डावीकडे कलंडलो आणि सायकलीसकट पाहुण्यांच्या चपलांवर आडवा झालो!

मग नवऱ्या मुलाच्या आईनं हळूच विचारलं, “हे कोण म्हणायचे?”

माझ्या सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चड्डीकडे पाहिलं. आणि म्हणाले, “गावातलेच हायेत. वळखीचे.”

“अहो आबा, तुमचे थोरले जावई हायेत ते!” सुनंदा आतून धावत आली आणि तिनं माझ्या कमरेवर टॉवेल टाकला. पाठोपाठ सासऱ्यांची लुंगी आली. वर्षा मात्र ट्रे हातात धरून खुसुखुसु हसत होती. “दाजी, लागलं का?” म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली.

मुलाचे वडील बापूराव सतरंजीवर समोरच बसले होते. साठी ओलांडलेला, पांढऱ्या टोपीतला गंभीर माणूस. ते उठले. आता हे पाहुण्यांना घेऊन निघणार, असं वाटून सासऱ्यांनी डोळे मिटले. बापूराव सायकलीजवळ उकिडवे बसले आणि नखानं नळीवर टिचकी मारली. टण्!

“पोलाद हाय,” ते म्हणाले. “अशीच व्हती माझ्याकडं. लगीन झालं अन् भावानं मला न इचारता इकून टाकली. चाळीस वर्सं झाली.” हँडलवर हात ठेवून म्हणाले, “एक फेरी मारू का जावईबापू?”

नाही कसं म्हणणार? मी स्वतः त्यांचे पाय पट्ट्यांत अडकवून आवळले. (पट्टा सैल कसा करायचा ते सांगायचं राहिलं, ही गोष्ट मी पुढे दोन्ही घरांपासून लपवली.) बापूराव डुगडुगले, सावरले आणि वेशीकडे गेले.

दहा मिनिटं झाली. पोहे गार झाले. अर्धा तास झाला.

“ह्यांचे गुडघे लय दुखतेत,” मुलाची आई म्हणाली. “घरी जिना सुदीक चढत न्हाईत.”

पाऊण तासानं गावात बातमी फिरली, की जावयाची चड्डी बघून व्याही रागानं पायी निघून गेले. तासाभरानं तीच बातमी परत आली, तेव्हा जावयानं व्याह्याला पळवून लावलं होतं! सासरे माझ्यापुढे हात जोडून म्हणाले, “जावईबापू, सोयरीक गेली तर जाऊ द्या. पण माणूस तेवढा आणून द्या.”

शेवटी नवरा मुलगा गणेश आणि मी त्याच्या मोटारसायकलवर शोधायला निघालो. मी मागे, लुंगी दोन्ही हातांनी धरून.

“दादा, ब्रेक लागतेत ना सायकलीला?” गणेशनं विचारलं.

“पुढचा लागतो.”

“अन् मागचा?”

“मागचा आहे.”

त्यानं गाडी जोरात पळवली. झरीच्या रस्त्याला एक मेंढपाळ भेटला. “टोपीवाला म्हातारा? गेला की! मेंढरं आडवी व्हती, म्या थांबा थांबा म्हणलं. काय थांबला न्हाई.”

थांबणार कसा? पाय मीच बांधले होते!

पुढच्या वस्तीवर शाळेच्या मैदानाभोवती गर्दी दिसली. मधे बापूराव गोल गोल फिरत होते. टोपी खिशात, धोतर खोचलेलं. आम्ही दोघं गर्दीतून धावलो. गणेशनं हँडल पकडलं, मी सीटला लोंबकळलो. सायकल थांबली, माझी लुंगी सुटली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“कशाला धरलं?” बापूराव चिडले.

“तुम्हाला थांबता येत नव्हतं ना! पाय पट्ट्यात...”

“पट्टा?” त्यांनी अंगठ्यानं बकल दाबलं आणि पाय अलगद बाहेर काढला. “हे असं सुटतंय की. दोनदा च्या प्यायला उतरलो मी. तुमाला न्हाई माहीत?”

मी लुंगी गुंडाळण्यात मग्न असल्याचं दाखवलं.

आम्ही परत आलो तेव्हा अंगणात सुतकी शांतता होती. बापूराव सतरंजीवर बसले, गार पोह्यांची बशी संपवली आणि म्हणाले, “पोराला अन् पोरीला पसंत असंल तर माझी ना न्हाई.” गणेशला पसंत होतीच. वर्षाला विचारलं, तर ती म्हणाली, “मला तर हे सासरे लय पसंत हायेत.”

“एक मागणं हाय,” बापूराव घसा खाकरून म्हणाले. सासऱ्यांचा चेहरा पडला. “सायकल आठ दिवस ऱ्हाऊ द्या माझ्याकडं.”

त्या आठ दिवसांना आता दीड वर्ष झालं. बापूराव दर रविवारी पिंगळीहून परभणीला सायकलवर येतात. गुडघ्याचं नाव काढत नाहीत. परत जाताना वय झालेला माणूस एकटा नको, म्हणून सुनंदा मला पाण्याची बाटली देऊन स्कूटीवर त्यांच्या मागे पाठवते. परवा वाटेत कुणीतरी त्यांना विचारलं, “बापूराव, मागं कोण हाय हो?”

बापूरावांनी वळूनही पाहिलं नाही. म्हणाले, “आमचे पाहुणे हायेत. त्यायला सायकलीचा लय नाद!”