सिहोऱ्याची फियाट: इंजिन की पाटे?

"इंजिनचं हेड घासा, कार्बोरेटर मोठा बसवा. बाकी कायलेच हात लावू नका," असं म्हणत सुधाकरनं फियाटचं बॉनेट उघडलं.

त्याच्या मागे त्याचे वडील, तुळशीरामजी, धोतराचा सोगा हातात धरून उभे होते. ते पुढे वाकले आणि बाजारात बैलाचे दात पाहावेत तसं इंजिन पाहून घेतलं. "जनावर ठीक आहे," ते म्हणाले. "खुराक वाढवा."

"काकाजी," मी म्हटलं, "इंजिनले काही धाड नाही भरली. काम खाली आहे. पाटे आन् शॉकअप."

बापलेक एकमेकांकडे पाहून हसले. त्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. भंडाऱ्यात एसटी स्टँडच्या मागे माझं गॅरेज होतं. राइस मिलचे ट्रक, सरकारी जीपा आणि जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यातल्या साहेब लोकांच्या गाड्या, एवढंच आमचं जग. ही फियाटही अशाच एका साहेबाची. त्याची बदली झाली आणि सुधाकरनं ती उचलली. नागपूरला कॉलेजात असताना त्यानं कुठंतरी मोटारींची शर्यत पाहिली होती, तेव्हापासून त्याच्या डोक्यात किडा वळवळत होता. आता नागपूरच्याच एका क्लबानं हौशी लोकांसाठी शर्यत ठेवली होती. बंद पडलेल्या धावपट्टीवर ड्रम मांडायचे, त्यांना वळसे घालत गाडी पळवायची. ड्रम लोळवला की दंडाची सेकंदं, आणि ज्याला सगळ्यात कमी वेळ लागेल तो पहिला.

आता घोळ कुठं होता ते सांगतो. सिहोऱ्यात तुळशीरामजींचं घर म्हणजे पटाचं घर. शंकरपटात बैलजोडी हलक्या छकड्याला जुंपतात आणि सरळ पट्टीवर सोडतात. या पट्टीला आमच्याकडे दान म्हणतात. दानीला वळण नसतं. जोडी सुटली की नाकासमोर. त्यामुळे या घरात पिढ्यान् पिढ्या शर्यत म्हणजे सरळच, आणि सरळ पळायचं तर जनावरच तगडं पाहिजे! छकड्याच्या चाकाकडं कोण पाहतो?

तुळशीरामजी कासरा धरून उभे राहिले की बायाबापड्यासुद्धा कामं सोडून बघायला येत. आणि सुधाकर? दोन वर्षांपूर्वी गावच्या पटात त्यानं छकडा उलटवला, तोही पाहुण्यारावळ्यांसमोर. त्या दिवसापासून बापानं त्याच्या हातात कासरा दिला नाही. पटाच्या दिवशी पोरगा पाण्याची बादली घेऊन फिरायचा.

तुळशीरामजी पान खायला बाहेर गेले तेव्हा सुधाकर हळूच म्हणाला, "भाऊ, मले कासरा नाही पाहिजे जी. मले बैल आवडतच नाही. पन बाबूजीनं एकदा म्हनलं पाहिजे, धर म्हनून."

मला वाईट वाटलं. पण बोलून झाल्यावर त्यानं बॉनेट धाडकन आपटलं नसतं, तर अजून वाटलं असतं.

शर्यत तोंडावर आली होती. हेड मशीनवर घासायला नागपूरला पाठवायचं, म्हणजे गाडी खोललेली पडून राहणार. पाट्यांचं काम घेतलं तर लोहाराच्या हातापाया पडायचं. दोन्ही व्हायला वेळ नव्हता. एकच काहीतरी निवडायचं होतं.

"चला सिहोऱ्याले," मी म्हटलं. "तुमच्याच दानीवर पाहून घेऊ."

धान निघून गेलं होतं, दान मोकळी होती. सुधाकरनं गाडी सरळ सोडली. खरंच, गाडी गेली बाप्पा! मागे धुळीचा लोट. तुळशीरामजींनी मांडीवर थाप मारली. "पाहा! अजून खुराक भेटला तं नागपूरवाले तोंडात बोट घालतीन."

मी पट्टीच्या टोकाला एक रिकामा ड्रम ठेवला. "आता याले वळसा घालून वापस आन."

सुधाकर त्याच जोरात आला आणि स्टिअरिंग फिरवलं. गाडीनं अंग असं एका बाजूला टाकलं की आतलं मागचं चाक उचललं गेलं. बाहेरचा टायर किंचाळला, चाकावरचं चकचकीत झाकण निसटलं आणि गडगडत बांधावरून खाली शेतात गेलं. गाडी पट्टीला आडवी होऊन थांबली. सुधाकर आत पांढराफटक.

तुळशीरामजी झाकणाकडं पाहत राहिले. मग खो खो हसले. "चाक पुढं, बैल मांगं! असा पट मी जिंदगीत नाही पाहिला."

मी त्यांना समजावलं. इंजिन गाडी पळवतं, पण रस्ता धरतो तो टायर. टायरला रस्त्यावर दाबून ठेवायचं काम पाटे आणि शॉकअप करतात. पाटे म्हणजे लोखंडी पट्ट्यांची कमान, जी वजन झेलते. शॉकअप म्हणजे त्या कमानीला सारखं नाचू न देणारी नळी. या गाडीचे पाटे बसले होते, शॉकअपमध्ये दम नव्हता. इंजिन वाढवलं असतं तर वळणावर एवढंच झालं असतं, की आणखी जोरात पडलो असतो.

"बस," तुळशीरामजी म्हणाले. "पाटे करा."

लोहारानं कमानी पुन्हा चढवल्या, एकेक पट्टी जास्तीची घातली. शॉकअप खोलून मी त्यात जाड तेल भरलं. समोरच्या स्प्रिंगा थोड्या कापून गाडी खाली बसवली. रस्त्यावर घेतली तर मस्त! वळणावर वाकेना, हलेना. मी खूश. सुधाकर बापावरच्या रागासकट सगळं विसरून शिट्या मारत गेला.

शर्यतीच्या सकाळी मी धावपट्टीवर पोहोचलो आणि गाडीत डोकावलो. मागं सीटच नव्हती. स्टेपनी नाही, जॅक नाही, हत्यारांची पेटी नाही, डिकीतली चटईसुद्धा नाही; बापलेक सगळं सिहोऱ्यालाच ठेवून आले होते.

"हे काय केलं बे?"

सुधाकरनं बापाकडं बोट केलं. तुळशीरामजी छाती काढून म्हणाले, "पटाच्या पहाटे छकड्यावरचं फालतू सामान काढा लागते. वजन कमी, तं पळन जास्त. इतकं तं तुमाले मालूम पाहिजे."

"काकाजी, कायले तुमी डोकं चालवता हो!" मी कपाळाला हात लावला.

ते फुरंगटले. बरोबरच आहे, एवढ्या वर्षांत त्यांना असं कोणी बोललं नसेल. पण पाटे आता ताठ झाले होते, आणि ताठ पाट्याला वर वजन लागतं. नाहीतर गाडीची मागची बाजू बेडकासारखी उड्या मारते. सरावाच्या फेरीत तेच झालं. पहिल्याच वळणाला शेपूट घसरली आणि ड्रम लोळला. लोक हसले. सुधाकर खाली उतरला तो मान खाली घालून. "राहू द्या भाऊ," तो म्हणाला. "चला घरी. बाबूजी पाहून राहिले."

मला त्याचा आवाज सहन होईना. मी धावत क्लबाच्या साहेबाकडं गेलो.

"मागे दोन पोती ठेवू का, साहेब?"

"सुटं सामान चालणार नाही."

"माणूस?"

साहेबानं कागद चाळला. "एक माणूस बरोबर चालतो. हेल्मेट घालून."

मी परत आलो आणि तुळशीरामजींकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. अंगानं भरलेला माणूस. मिलच्या काट्यावर बसले तर काटा थरथरायचा.

"काकाजी, मांगं बसा."

"मी? याच्या गाडीत?"

"तुमीच वजन काढलं. आता तुमीच वजन व्हा."

सुधाकरचा जीव अर्धा झाला. तुळशीरामजींनी एकदा पोराकडं पाहिलं. मग पायातल्या वहाणा काढून ठेवल्या, गांधी टोपीवरच हेल्मेट चढवलं आणि मागच्या उघड्या पत्र्यावर पोत्याची घडी घालून बसले, पुढच्या दोन्ही सीटांना मिठी मारून. आज असं कोणी बसू देणार नाही आणि देऊही नये. तेव्हा सगळंच तसं होतं.

झेंडा पडला. सरळ पट्टीवर गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा आतून आवाज येत होता, "हान! हान रे पोट्ट्या, हान!" पहिलं वळण आलं आणि आवाज बंद झाला. मला धास्ती बसली, माणूस पडला की काय! पण गाडी ड्रमला चिकटून, जराही शेपूट न हलवता वळली, आणि सरळ लागताच पुन्हा "हान!" सगळी शर्यत अशीच. सरळ आलं की आरडाओरडा, वळण आलं की चिडीचूप.

आमच्या आधी एक मोठ्या इंजिनाची गाडी दोन ड्रम पाडून गेली होती. दुसरी गोल फिरून गवतात बसली होती. सुधाकरनं एकही ड्रम हलवला नाही. आला तिसरा. तिसरा म्हणजे काही पहिला नव्हे, पण बघायला आलेल्या सिहोऱ्याच्या लोकांनी असा गिल्ला केला की पहिल्या नंबरवाला आपला कप कुठं ठेवू म्हणून इकडंतिकडं पाहू लागला.

तुळशीरामजी खाली उतरले. हेल्मेट काढायला मीच मदत केली. सुधाकर समोर हात बांधून उभा, बादली घेऊन उभा राहायचा तसाच.

"वळनावर गाडी इतकी जपून काहून घेतली?" बापानं विचारलं.

"तुमी मांगं होते ना बाबूजी. भेव लागत होतं. सांभाळून घेतलं."

तुळशीरामजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात काढलाच नाही. "औंदाच्या पटात कासरा तू धर," ते म्हणाले.

सुधाकरचे डोळे भरून आले. मग तो पोरगा नाक पुसत म्हणाला, "नाही जी बाबूजी. तुमच्या छकड्याले शॉकअप नाही."

तुळशीरामजी इतके हसले की त्यांना गाडीला टेकावं लागलं. पोरानं दिलेला नकार त्यांना इतका गोड लागेल असं मला वाटलं नव्हतं. त्यानं कासरा नंतरही कधी धरला नाही, पण त्याच्या हातात बादलीही पुन्हा कोणी दिली नाही.

त्यानंतर माझ्याकडं बरीच हौशी पोरं आली. सगळ्यांचा एकच प्रश्न, भाऊ, आधी इंजिन का पाटे? मी उत्तर देत नाही. मी आधी विचारतो, मांगं कोन बसनार आहे?