अक्काच्या हातातला दोर

रविवारी अक्का आणि मी उदगीरजवळच्या हत्तीबेटाच्या टेकडीवर गेलो होतो. ठरलेलं काहीच नव्हतं... अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, आदल्या दिवशी अहमदपूरहून माझ्याकडे आली होती. घरात बसून दोघींनाही कंटाळा आला, तेव्हा पिठलं-भाकरी बांधली आणि निघालो.

वर पोचलो तर एका कातळाजवळ ही गर्दी. हेल्मेट घातलेली माणसं दोराला लटकून खाली उतरत होती. कुठल्याशा ट्रेकिंग ग्रुपचं रॅपलिंग चाललं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही करून बघता येणार होतं.

असलं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. पन्नाशीला टेकल्यावर मी पोहायला शिकले, बॅडमिंटन शिकले, एका रविवारी सायकलवर देवणीला जाऊन आले... नवऱ्याच्या मते माझ्या अंगात वारं शिरलंय. मी लगेच नाव दिलं.

अक्का म्हणाली, "तू जा. तुला लहानपणापासून सवय हाय. मी पिशवी धरते."

सवय कसली, ते सांगते. आमच्या लहानपणी लातूर नुकताच जिल्हा झाला होता. जिल्ह्याचे पेढे खाऊन झाले, पण पाऊस काही आला नाही. गावातली विहीर आटली आणि बुडाशी एवढासा झरा उरला. त्यात पोहरा बुडायचा नाही, म्हणून प्रत्येक घरातलं एखादं हलकं लेकरू कमरेला दोर बांधून खाली सोडायचे. त्यानं वाटी-वाटीनं घागर भरायची.

आमच्या घरातून मी उतरायचे. मी आठ वर्षांची, अक्का बाराची. दोर वर आई आणि अक्का धरायच्या. विहिरीतून मारलेली हाक नुसती घुमायची, म्हणून खुणा ठरलेल्या होत्या... एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन झटके म्हणजे वर घ्या.

एकदा पायाखालचा दगड निखळला आणि मी लटकले. आईच्या हातून दोर सुटला, अक्कानं सोडला नाही. तिच्या उजव्या तळहातावर त्याचा वण अजून आहे. तेव्हापासून ती विहिरीच्या काठाशी जात नाही, गच्चीच्या कठड्यालाही टेकत नाही.

आणि मी? 'मी विहिरीत उतरायचे' हे सांगून मी आयुष्यभर भाव खाल्ला. दोर कुणी धरला होता हे कुणी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही.

तर मी उतरले. झकास उतरले... पायवाटेनं परत वर आले तर अक्का पिशवी पोटाशी धरून बसलेली. डोळे भरलेले. मला वाटलं, माझ्या काळजीनं घाबरली असेल.

"सुरे, आई आधी मलाच उतर म्हणली होती," ती म्हणाली. "मीबी काय जाड नव्हते. पण मी भिले. सुरी हलकी हाय, तिला सोडा म्हणले. त्या दिवशी तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं?"

चाळीस वर्षं ही बाई हे पोटात घेऊन फिरत होती. मी एवढंच म्हणाले, "मग आता उतर. दोर मी धरते."

अक्कानं पिशवी माझ्या हातात दिली आणि ती उठली.

रॅपलिंग शिकवणाऱ्या शबाना मॅडम शाळेत पीटी घेतात. त्यांनी अक्काला साडीचा काष्टा घालायला लावला, कमरेला हार्नेसचा पट्टा बांधला, हातमोजे दिले. उतरणाऱ्याच्या दोराचं खालचं टोक एकजण धरतो. वरचा माणूस घसरला तर त्यानं दोर ताणायचा, की तो जागीच थांबतो. मी पायवाटेनं परत खाली गेले. तिथल्या माणसानं मला ते दोनदा समजावलं आणि स्वतःही माझ्या मागं दोर धरून उभा राहिला.

अक्का कडेवरून खाली आली. चार पावलं, पाच... आणि अर्ध्यात थांबली. डोळे मिटलेले, पाय कातळाला चिकटलेले. वरून शबाना मॅडम म्हणत होत्या, "अक्का, आहिस्ता. जल्दी काय नाही आपल्याला."

मला राहवेना. जुन्या सवयीनं मी दोराला एक झटका दिला. ठीक आहे, मी आहे... पण इथं दोर ताणला की उतरणारी जाम होते. धीर द्यायला गेले आणि बहिणीला अधांतरी अडकवून बसले.

"ओ ताई, ढिला सोडा की," मॅडम वरून ओरडल्या. मागचा माणूस हसला.

मी दोर सैल सोडला. आता अक्का दोन झटके देणार, वर घ्या म्हणणार, असं मी धरूनच चालले. तसं झालं असतं तरी मी तिला एका शब्दानं बोलले नसते.

दोर हलला. एकदाच.

मग ती उतरली. अगदी हळू, मध्ये एकदा गुडघा खरचटून, पण शेवटपर्यंत स्वतःच्या पायांनी उतरली. जमिनीला पाय लागल्यावर तिनं हातमोजा काढला, तळहाताकडं बघितलं आणि म्हणाली, "भाकरी कुठं हाय? लई भूक लागलीय."

मी मात्र रडत होते. स्वतःच्या कुठल्याच पराक्रमाचा मला एवढा अभिमान वाटला नव्हता. मला भीती अशी कधी वाटलीच नाही, त्यामुळं मी उतरले यात विशेष ते काय... अक्का भिऊन उतरली.

त्या दिवशी मी काढलेल्या फोटोत हेल्मेट तिरकं बसलेली आणि पिठलं खाणारी, ती माझी अक्का. विहिरीची गोष्ट मी यापुढंही सांगणारच आहे. फक्त आता सुरुवात अशी करेन... माझी एक बहीण आहे, तिनं दोर सोडला नाही.