पासिंगपुरते काढलेले दिवे

तळवड्यात, चाकणकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. मागच्या भिंतीला लोखंडी मांडणी आहे आणि त्या मांडणीवर गेल्या हिवाळ्यापर्यंत गोणपाटाची पोती ओळीनं ठेवलेली असायची. प्रत्येक पोत्यावर मार्करनं गाडीचा नंबर लिहिलेला. आत काय, तर दिवे. टेम्पोचे, पिकअपचे, स्टाफ बसचे, पासिंगपुरते काढलेले.

हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो, पण सांगतानाही तोंड कडू होतं. धंद्याची गाडी ठरावीक मुदतीनं आरटीओकडे तपासायला न्यावी लागते, तेच पासिंग. तिथं जादा दिवे दिसले तर गाडी अडते. म्हणून आदल्या दिवशी माणूस माझ्याकडे यायचा. "राव, उद्या पासिंग आहे, उतरवा." मी उतरवायचो, पोत्यात घालायचो. गाडी गरीब गाईसारखी जाऊन पास व्हायची आणि संध्याकाळी परत माझ्या दारात हजर. "चढवा." दहा मिनिटांत उतरावेत आणि दहा मिनिटांत चढावेत म्हणून मी वायर कापायचोच नाही. बंपरच्या मागे एक कपलर दडवून ठेवायचो, म्हणजे नुसतं ओढलं की सुटतं आणि दाबलं की बसतं. ही युक्ती माझीच. तेवढ्यासाठी भोसरीहून गाड्या यायच्या आणि मी छाती पुढे काढून ती दाखवायचो. शी! कसला शहाणपणा आणि कसली छाती!

नियम मला माहीत नव्हते असं कुणी समजू नये. मला ते तोंडपाठ होते, त्याच्यावरच तर माझं दुकान चालायचं. कंपनीतून गाडी जशी मंजूर होऊन निघाली तशीच ठेवायची, मनाला येईल तसे बदल करायचे नाहीत. समोर लांब झोत टाकणारा जादा दिवा खास परवानगीशिवाय लावायचा नाही. धुक्याचे दिवे चालतात, पण जोडीनं, खालच्या अंगाला आणि पांढरे किंवा पिवळसर. टपावर दिव्यांची पट्टी नाही, पुढं लाल-निळं काही नाही. समोरून कुणी आलं की झोत खाली. इतकं साधं आहे. माझ्या पाचवीतल्या पुतणीला सांगितलं तर तिलाही कळेल. पण ट्रकच्या टपावर अख्खी पट्टी लावून मागणारा गडी म्हणायचा, "भावा, समोरचे मारतात ना डोळ्यांवर, मग आपण काय चिमणी घेऊन फिरायचं?" आणि समोरचाही माझ्याच दुकानात उभा राहून हेच म्हणायचा. दोघांनाही मी हसून मान डोलवायचो.

आणखी एक सांगतो, म्हणजे माझी लायकी पुरती कळेल. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. समोरून झोत आला की मला नुसतं दुधासारखं पांढरं दिसतं. म्हणून अंधारात गाडी चालवणं मी केव्हाच सोडलं. स्वतः घाबरून घरी बसायचं आणि दिवसभर लोकांना झोत बसवून द्यायचे! आरशात तोंड बघताना माझी मला कधी किळस कशी आली नाही, कोण जाणे.

माझी बायको चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये स्वयंपाकाला आहे. पहिल्या पाळीच्या माणसांना नाश्ता लागतो, म्हणून हिला साडेपाचला घर सोडावं लागतं. कंत्राटी माणसांना कंपनीची बस नाही, आणि त्या वेळी रिक्षाही मिळत नाही. त्यामुळे वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ती स्कूटर शिकली. मैदानात दोनदा पडली, लायसनच्या परीक्षेत एकदा नापास झाली, पण शिकली. पहिल्या दिवशी एकटी जाऊन आली तेव्हा पेढे वाटले होते तिनं आळीत. नोकरी तर होतीच, पण "मी माझी जाते" हे म्हणताना तिचा चेहरा बघायला हवा होता.

गेल्या हिवाळ्यात, इंद्रायणीच्या पुलाच्या अलीकडे, तिच्या समोरून एक टेम्पो आला. खाली चार दिवे आणि टपावर पट्टी. तिला रस्ता दिसेना, ती कडेच्या खडीत गेली आणि पडली. टेम्पो थांबला नाही. मनगट मोडलं, पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात प्लास्टर घातलं.

"नंबर बघितलास का?" मी विचारलं.

"काहीच दिसलं नाही म्हणते तर नंबर कुठून बघू?"

बरं झालं नाही दिसला, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं. कारण मांडणीवरच्या पोत्यांतला एखादा नंबर तिनं सांगितला असता तर मी काय करणार होतो? माझ्याच बायकोचं मनगट मोडलंय आणि मला माझ्या कातडीची पडलीय. थू!

प्लास्टर निघालं, पण तिची भीती निघेना. स्कूटर अंगणात उभी. ती पहाटे उठायची, साडी खोचायची, किल्ली हातात घ्यायची आणि पायरीवर बसून राहायची. कँटीनवाल्यानं सांगितलं होतं, सोमवारपर्यंत या, नाहीतर दुसरी बाई बघतो. रविवारी ती मला म्हणाली, "जाऊ दे, मी नाहीच म्हणून कळवते." इतक्या सरळ आवाजात म्हणाली की मला ते सहन होईना.

तेव्हा माझ्या टाळक्यात जे आलं ते आमच्या धंद्यातल्या माणसाच्याच टाळक्यात येऊ शकतं. मी तिच्या स्कूटरच्या हँडलखाली दोन दिवे बसवले. दुकानातले सगळ्यात भारी. डाव्या मुठीजवळ बटण दिलं. "आता कुणाच्या बापाची टाप नाही तुझ्यासमोर झोत मारायची," असं म्हणालो. सोमवारी पहाटे ती किल्ली घेऊन उठली. मी मागे बसलो.

पहिला टेम्पो समोरून आला तसं मी ओरडलो, "दाब!" तिनं बटण दाबलं. टेम्पोनं झटकन झोत खाली केला. "बघ, आला की नाही वठणीवर!" मी तिच्या पाठीवर थाप मारली. तीही जरा हसली, खांदे सैल झाले तिचे. मला वाटलं, जिंकलं.

बटण मात्र तिनं बंद केलं नव्हतं, आणि बंद कर असं मीही म्हणालो नव्हतो. पूल ओलांडून पुढं वळलो तर समोर सायकल. रात्रपाळी करून घरी निघालेला एक म्हातारा वॉचमन. त्यानं एक हात डोळ्यांवर धरला, दुसऱ्या हातातलं हँडल डगमगलं आणि सायकलसकट तो खडीत बसला. डबा उघडून राहिलेली अर्धी भाकरी धुळीत पडली.

बायकोनं ब्रेक दाबला, गाडी स्टँडला लावली आणि धावली. म्हाताऱ्याला फार लागलं नव्हतं. पण तो शेताकडे तोंड करून बोलत होता. आम्ही त्याच्या पाठीमागे उभे, आणि तो तिकडे कुणीच नाही त्या बाजूला हात जोडून म्हणत होता, "ताई, दिवा तेवढा खाली करा वो. मला काईच दिसंना झालंय बगा."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मी अशीच बसले होते."

ती स्कूटरपाशी गेली आणि हँडलखाली हात घातला. सवयीनं तिच्या गाडीलाही मी कपलरच लावला होता. एका हिसक्यात सुटला. दोन्ही दिवे विझले, गाडीच्या मूळच्या साध्या दिव्याचा उजेड तेवढा रस्त्यावर पडून राहिला. "पासिंगपुरतं नाही," ती म्हणाली, "कायमचं. आणि ती मांडणी रिकामी झाल्याशिवाय माझ्याशी बोलू नका."

"अगं, पण तू जाणार कशी?"

"मला दिसतंय." तिनं किल्ली फिरवली. "तुम्ही यांना घरी पोचवा. चालत. मला नाश्त्याला उशीर होतोय." आणि गेली. एकटी. तिचा मागचा लाल दिवा वळणाआड होईपर्यंत मी बघत होतो. आनंद व्हायला हवा होता मला, पण मान वर होत नव्हती.

मी म्हाताऱ्याची सायकल धरली आणि आम्ही दोघं चालू लागलो. तो सारखे डोळे चोळत होता. पाणी येत होतं डोळ्यांतून. थोडं पुढं गेल्यावर म्हणाला, "बाई भली हाय तुमची. थांबली तरी. न्हाईतर कोन थांबतंय?" मग जरा वेळानं, "पर मला सांगा, ह्ये असले दिवे बसवून कोन देतं वो? त्याला घरदार नसंल का?"

गप्प बसता आलं असतं. आजवर गप्पच बसत आलो होतो.

"मीच देतो," मी म्हणालो.

तो थांबला. माझ्या तोंडाकडे बघायचा त्यानं प्रयत्न केला, पण डोळे अजून निवळले नव्हते, नजर माझ्या कानाशीच कुठंतरी लागली. मग त्यानं चाचपत माझ्या हातातलं सायकलचं हँडल सोडवून घेतलं.

"मग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "जातो माझा मी."

रस्त्याची कड पायानं चाचपत तो पुढं गेला. दोनदा अडखळला. मी दोन्ही वेळा हात पुढं केला, पण त्यानं तो धरला नाही.