समुद्रपुरात कट केलेले तीन फोन

वर्धा स्टेशनावर उतरल्याबरोबर मी बॅगेची चेन तपासली, मग दुसऱ्या बॅगेची, मग पर्स. बँकेच्या दक्षता विभागात उभी हयात गेली की माणसाचा हात आपोआप पर्सकडे जातो. आमचे हे म्हणतात, "ही देवळात गेली तरी आधी देवाचं ओळखपत्र मागेल." मागेनही. देवाच्या नावावर काय काय खपवतात ते मी फायलींमध्ये पाहिलंय.

पण या वेळी मला बोलावलंच होतं ते माझ्या संशयी स्वभावासाठी. पश्चिम आशियात युद्ध पेटलं होतं. तिकडच्या एका देशाचं विमानतळ बंद पडलं होतं, फोन नीट लागत नव्हते आणि आपली हजारो माणसं तिथं अडकली होती. इकडे लबाडांना पर्वणी. "तुमचा मुलगा सीमेवर अडकलाय, कागद पाठवा, पैसे पाठवा," असे फोन गावोगाव यायला लागले होते. त्यावर लोकांना सावध करा, म्हणून एका संस्थेनं मला वर्धा जिल्ह्यात धाडलं. देशाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण या हकिकतीतली काही माणसं अजून तिथंच आहेत.

स्टेशनाबाहेर रिक्षावाला म्हणाला, "बसा ना बाई, भाडं समजून देजा." समजून द्या म्हणणाऱ्या माणसाची मला फार भीती वाटते. मी आकडा ठरवून घेतला आणि मगच बसले. तोही हसला आणि सेवाग्रामपर्यंत मला 'साहेब' म्हणत राहिला.

आश्रम मी आधी पाहिला नव्हता. कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन, साप धरायचा लांब चिमटा, सगळं निरखून पाहिलं. पण पाय खिळले ते एका टेलिफोनपाशी. इंग्रज सरकारनं इथल्या खेड्यात तो बसवला होता, वेळप्रसंगी दिल्लीहून व्हाइसरॉयला बापूंशी थेट बोलता यावं म्हणून. एकमेकांवर काडीचा भरवसा नसलेली दोन माणसं, पण तारेच्या पलीकडे कोण आहे याची दोघांनाही खात्री. मला त्या इंग्रजांचा हेवा वाटला. आता सगळ्यांच्या खिशात फोन आहे आणि पलीकडे कोण आहे ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्रपूरला निघाले. जामच्या चौफुलीवर एसटी बदलायची होती. चारही दिशांनी ट्रक येत होते, त्यांच्या धुळीत बसून मी तर्री पोहे (हरभऱ्याचा तिखटजाळ रस्सा ओतलेले पोहे) मागवले. रस्सा लाल भडक होता. रंग घातलाय का, असं मी विचारलं. टपरीवाली बाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"तुमी कोणत्या खात्याच्या होय?" तिनं विचारलं.

"कुठल्याच नाही. फिरायला आलेय."

"जामले? फिराले?" तिनं शेजारच्या पानवाल्याकडे पाहिलं. "जमीन मोजाले आली वाटते थे बाई."

मी संशय घेत जगले, पण माझ्यावर कुणी घेतला की मला राग येतो. रस्सा मात्र अस्सल होता. नाकाडोळ्यांतून पाणी आलं.

समुद्रपूरच्या स्टँडवर मला घ्यायला मनोहरभाऊ आले होते. पन्नाशीचे, शिडशिडीत, इस्त्रीचा पांढरा सदरा. तालुक्याच्या एका कचेरीत शिपाई आणि विहाराचे कार्यकर्ते. माझा कार्यक्रम त्यांनीच विहारात ठरवला होता, तोही स्वतःच्या काळजीपोटी. त्यांची मुलगी करुणा नर्स होती. सेवाग्रामला शिकली आणि दोन वर्षांपूर्वी परदेशी नोकरीला लागली ती नेमकी त्याच देशात. तीन दिवस तिचा फोन नव्हता.

"मॅडम, आमाले एवढंच समजवा," चालता चालता ते म्हणाले, "खरा फोन कोणता अन् खोटा कोणता."

"समजावते की," मी म्हणाले. वाटलं, आपल्याला नाही समजायचं तर कुणाला?

विहारात साठ-सत्तर माणसं जमली होती. बायका पुढं. मी रंगात आले. अनोळखी नंबर उचलू नका. घाई, कागदाची मागणी, रडवेला आवाज, अशा तीन खुणा फळ्यावर लिहिल्या; त्या दिसल्या की माणूस लबाड समजा. आता तर यंत्रानं आवाजाचीही नक्कल करता येते, पोटच्या पोराचा आवाज आला तरी हुरळून जाऊ नका. एका आजींनी पदर तोंडाला लावला. "बापा रे!"

तेवढ्यात मनोहरभाऊंचा फोन वाजला. त्यांनी पडद्यावर पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. परदेशातला लांबलचक नंबर. मला तर प्रात्यक्षिकच मिळालं. मी बोटांची कात्री करून दाखवली. त्यांनी फोन कट केला.

अर्ध्या तासानं तोच नंबर पुन्हा आला. या वेळी त्यांनी माझ्याकडे न बघताच कट केला आणि सगळ्या विहारात टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

जेवायला त्यांच्या घरी गेलो. अंगणात घरच्या दीड एकरातला कापूस पसरला होता. शीलाताईंनी, म्हणजे करुणाच्या आईनं, सोले (ओल्या तुरीचे दाणे) घालून वांग्याची भाजी केली होती. चुलीवरून भाकर थेट ताटात. भाजी अशी होती की संशय घ्यायला जागाच नव्हती. जेवता जेवता शीलाताई लेकीबद्दल सांगत होत्या. "वेचनीच्या दिवसांत झाली थे. मी ओटीतला कापूस खाली ठेवला अन् घरी येता येता कळा सुरू झाल्या. तवाचीच घाईची हाय."

त्या पुढची भाकर टाकायला आत गेल्या आणि फोन वाजला. तोच नंबर.

"आता उचला," मी म्हणाले. "स्पीकरवर ठेवा. ओळख पटेल असं विचारा, मगच बोला."

"बाबा!" आवाज रडवेला होता. "बाबा, मी करुना. फोन काऊन कट करून राह्यले? ऐका, पासपोर्ट कंपनीजवळ हाय. पेटीत त्याची झेरॉक्स हाय, थे पाठवा लवकर. आपल्याकडच्या तीनला बस सुटते."

घाई. कागद. रडवेला आवाज. सकाळी मी फळ्यावर लिहिलेल्या तिन्ही खुणा.

"आधी... आधी जन्मतारीख सांग तुयी," ते कसेबसे म्हणाले.

पलीकडे कागद सळसळला. मग लगेच, "एक जुलै."

"जुलैत कापूस वेचतात का हो?" मी म्हणाले, आणि त्यांच्या हातातला फोन घेऊन लाल बटण मीच दाबलं. किती खूश झाले होते मी त्या क्षणी! चोर हातोहात पकडला होता.

शीलाताई दारात उभ्या होत्या. हाताला पीठ तसंच. "काय म्हणे थे?"

मी ऐटीत सांगितलं.

"अवो ताई," त्या म्हणाल्या. "शाळेत नाव टाकाले मीच नेलतं तिले. गुरुजीनं तारीख इचारली, मले सांगता नाई आली. गुरुजीनं एक जुलै लिहून देल्ली. वर्गातल्या अर्ध्या पोरायची एक जुलैच हाय. दाखल्यावर थेच, पासपोर्टवर थेच. अन् तिनं कागदावरचीच सांगतली असन नं! तिच्या म्होरं फारम असन!"

मनोहरभाऊंनी माझ्या हातातून फोन परत घेतला. शाळेत नाव घातलं तेव्हा ते बाहेरगावी कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होते. घड्याळात एक वाजून गेला होता.

आम्ही तो नंबर फिरवला. लागेना. मी सरकारी मदत कक्षाचा नंबर शोधून काढला. तो सारखा एंगेज. जगात कुठंही क्षेपणास्त्र पडलं की दिल्लीत एक कक्ष उघडतो, असं आपण बातम्यांत ऐकतो. त्या कक्षातले फोन किती आणि लावणाऱ्या आया किती, याचा विचार मी तोवर कधी केला नव्हता. शीलाताईंनी पेटी उपसून झेरॉक्स काढली आणि ओट्यावर मांडी घालून बसल्या. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

"करन थे फोन," शीलाताई मध्येच म्हणाल्या. "अजून करन."

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन आला. शीलाताईंनी तो कुणाच्या हाती दिलाच नाही. काही विचारलंही नाही.

"बोल माय," त्या म्हणाल्या, "मी आयकून राह्यली."

करुणानं वकिलातीचा म्हणून एक ईमेलचा पत्ता सांगितला आणि मी लिहून घेतला. लिहितानाही संशय गेला नव्हता, खोटं कशाला सांगू? पण आता निदान अक्कल आली होती. मी तो पत्ता आपल्या वकिलातीच्या संकेतस्थळावर पडताळून पाहिला. अक्षर न् अक्षर जुळला. जेवताना फोन उचलला तेव्हाच पत्ता विचारून हे मी करू शकले असते. पलीकडे खरंच लबाड असता, तरी कागद वकिलातीलाच गेला असता. आवाज खरा की खोटा याचा कीस पाडत बसायची गरजच नव्हती.

झेरॉक्सच्या दुकानात मशीन तापायला वेळ, मग इंटरनेट गेलं, मग आलं. मनोहरभाऊ दुकानाच्या पायरीवर उठबस करत होते. तीनला वीस कमी असताना कागद गेला. 'मिळाला' एवढंच उत्तर आलं. बसमध्ये जागा मिळाली की नाही, ते त्यात नव्हतं.

संध्याकाळच्या एसटीनं मी परत वर्ध्याला आले. मनोहरभाऊंनी स्टँडपर्यंत माझी बॅग उचलली. मी नको म्हणत होते. दुसऱ्या दिवशी सेवाग्रामला माझं आणखी एक भाषण होतं. ते मी रद्द केलं. परतीच्या गाडीत गोरसपाकचा (वर्ध्याच्या तुपाळ बिस्किटांचा) पुडा मांडीवर न फोडताच पडून होता. अकोला गेलं तरी कुणाचा निरोप नाही.

पुण्यात घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी करुणाचाच फोन आला. ती सीमा ओलांडून शेजारच्या देशात आली होती. बसमधली शेवटची जागा तिला मिळाली होती. आवाज थकलेला पण खणखणीत. मी माफी मागायला लागले तर मला थांबवून म्हणाली, "जाऊ द्या ना मावशी. मीबी असती तर कटच केला असता."

"पण तू चार-चार वेळा केलास कसा गं? मधे एवढा वेळ का जात होता?"

"फोन एकच होता नं वकिलातीत," ती म्हणाली. "तीस-चाळीस जन रांगेत. एकाले एकच डाव लावू देत. कट झाला की पुन्हा जाऊन सगळ्याइच्या मांगं उभं राहाचं."

त्या सकाळी विहारात आम्ही टाळ्या वाजवत होतो, तेव्हा ती पोर डोळे पुसत रांगेच्या शेवटाकडे चालत निघाली होती.