सर्व्हरच्या डब्यातला जून

शालिमारजवळच्या एका बोळात, चपलांच्या दुकानाच्या माडीवर आमच्या संघटनेचं ऑफिस होतं. पेठ-सुरगाण्याकडची माणसं पिढ्यानपिढ्या जंगलातली जमीन कसत आलेली. ती जमीन त्यांच्या नावावर व्हावी, एवढंच संघटनेचं काम. एवढंच म्हणते खरी, पण त्यात लोकांची आयुष्यं गेली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी तिथे गेले तेव्हा माझ्याकडे फक्त राग होता. तो मी ऑफिसच्या मामांपुढे पहिल्याच दिवशी ओतला. मामा म्हणजे तिथले टायपिंग करणारे, पत्रकं छापून आणणारे, रुसलेल्या कार्यकर्त्यांना चहा पाजणारे.

ते म्हणाले, "राग छान आहे. आता तो अर्ध्या पानात बसव."

मामांचे नियम कडक होते. पहिल्या ओळीत काय झालं, दुसरीत कोणी केलं, तिसरीत आपण काय मागतो. चौथी ओळ सुचली तर खाली जाऊन चहा पिऊन यायचं. तरीही सुचत राहिली तरच लिहायची. मी चहा फार प्यायले त्या वर्षांत.

सगळं ज्या कॉम्प्युटरवर व्हायचं तो तेव्हाच म्हातारा होता. मॉनिटर पिवळा पडलेला, कीबोर्डवरची अक्षरं बोटांनी खाऊन टाकलेली. मराठी फॉन्ट जुना, टाईपरायटरच्या पद्धतीचा; कुठलं बटण दाबलं की कुठलं अक्षर येतं ते पाठच करावं लागे. मला तीन आठवडे लागले. मामा पाठीमागून म्हणायचे, "बघू नको खाली. खाली काही लिहिलेलंच नाही."

आणि तो जून. पत्रकं जुळवायचा प्रोग्राम तीस दिवस वापरून बघायला मिळालेला होता. त्यानंतर तो विकत घेतल्याचा नंबर मागायचा. नंबर आमच्याकडे नव्हता. म्हणून मामांनी तोडगा काढलेला: महिना संपत आला की कॉम्प्युटरची तारीख मागे न्यायची, थेट एक जूनवर. साल तेच, ज्या वर्षी तो प्रोग्राम पहिल्यांदा घातला ते. बाहेर दिवाळी असो की शिमगा, आमच्या मशीनमध्ये कायम त्याच सालातला जून. ऑफिसात शिरणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "तारीख लावली का?" एकदा कोणीच लावली नाही आणि मोर्चाच्या आदल्या दिवशी प्रोग्राम उघडेना. तारखेचं कोणाच्या लक्षात येईपर्यंत दोनशे पत्रकं आम्ही हातानं लिहून काढली होती. माझ्या अक्षराला तेव्हा फार नावं ठेवली गेली.

मग नवीन लॅपटॉप आला, पत्रकं मोबाईलवर फिरायला लागली, मामा त्यांच्या गावी सायखेड्याला शेतीत परतले. जुनं मशीन गोणपाटाखाली पडलं आणि एक दिवस सुरूच झालं नाही. कोणी हळहळलं नाही. मी तर नाहीच. उलट टेबल रिकामं झालं म्हणून मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

गेल्या वर्षी पेठकडून एक मावशी आल्या. दोन बस बदलून, हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद. त्यांचा दावा फेटाळला होता. नवरा वारलेला, जमीन त्या कसत होत्या, पण कायद्यानं ठरवलेल्या तारखेच्या आधीपासून नवरा ती कसत होता याचा पुरावा द्या, असं कचेरीचं म्हणणं. अपिलाची सुनावणी पंधरा दिवसांवर. ती हुकली की जमीन गेली.

मला इथे थांबून दोन वाक्यं बोलू द्या. ज्यांना सरकारनं कधी कागद दिलाच नाही, त्यांच्याकडे सरकार कागद मागतं. आणि तो नसला की त्यांनाच अतिक्रमणवाले म्हणतं.

पुरावा खरं तर होता. कायदा यायच्या आधी संघटनेनं गावोगाव फिरून वहीत नोंदी केल्या होत्या: कोण, कुठली जमीन, पीक कोणतं, चारी बाजूंना कोण. ती वही वाळवीनं खाल्ली. पण मामांनी ती टाईप केली होती, त्या मशीनवर.

मशीनची डिस्क काढून लॅपटॉपला जोडली. फाईल दिसली, उघडेना. जबरदस्तीनं उघडली तर आत इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. ती फाईल त्या प्रोग्रामलाच कळणार, तो प्रोग्राम त्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवरच चालणार, आणि ती सिस्टीम आजच्या कुठल्याही मशीनवर बसत नाही. माणसांनी वर्षानुवर्षं टाईप केलेलं असं परकं होतं आणि त्याबद्दल कोणाला जाब विचारायचा तेही कळत नाही.

माझी कॉलेजातली मैत्रीण अंबडच्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. तिला फोन केला. ती म्हणाली, "मशीन नको, डिस्क आण. कंटेनरमध्ये टाकू."

कंटेनर म्हटलं की मला हायवेवर द्राक्षं भरून उभे असलेले ट्रक दिसतात. तिला तसं सांगितलं तर हसली. "तसंच समज. सर्व्हर मोठा, त्यात बंद डबे. एका डब्यात मी एक सोंगाड्या बसवते. तो तुमच्या म्हाताऱ्या सिस्टीमला सांगतो, मीच तुझा जुना कॉम्प्युटर, हा तुझा मॉनिटर, ही तुझी डिस्क. ती बिचारी विश्वास ठेवते. फक्त तिला इंटरनेट दाखवायचं नाही. आजचे व्हायरस बघून जागीच बसेल."

रविवारी सकाळी तिच्या सिडकोतल्या घरी आम्ही बसलो. तिच्या चकचकीत लॅपटॉपवर एका खिडकीत तो जुना निळा पडदा उगवला आणि सुरू होतानाची ती धून वाजली. मला एकदम आमच्या बोळातला रबराचा वास आला, खालच्या दुकानातल्या नव्या चपलांचा. फोल्डर जसेच्या तसे. मामांनी डेस्कटॉपवर केलेली चहावाल्याच्या सुट्ट्यांची यादीसुद्धा.

प्रोग्राम उघडला तर म्हणतो, मुदत संपली.

"थांब, काहीतरी करते," मैत्रीण म्हणाली.

"काही करू नको. तारीख मागे घे. एक जून."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही लोक सरकारला फसवणूक करू नका म्हणून सांगता ना?"

"लाव गं तारीख."

तिनं डब्याचं घड्याळ मागे नेलं आणि प्रोग्राम उघडला. माझी बोटं आपोआप जुन्या जागांवर गेली. तिच्या कीबोर्डवरची अक्षरं वेगळीच होती, पण मी खाली बघत नव्हते. माझं पहिलं पत्रक सापडलं, चार ओळींचं. चौथी ओळ अगदीच भिकार. मी एकेक पत्रक उघडत गेले. मोर्चा, धरणं, पुन्हा मोर्चा. प्रत्येकाच्या तळाशी जून. तासभर गेला असेल. मैत्रिणीनं दुसरा चहा ठेवला आणि म्हणाली, "यादी शोधायला आली होतीस."

यादी होती. मावशींच्या नवऱ्याचं नाव होतं. छापली, आणि पानाच्या तळाशी प्रोग्रामनं सवयीप्रमाणे तारीख टाकली: एक जून, आणि ते साल. कायद्यानं ठरवलेल्या तारखेच्या आधीचं साल!

मी सायखेड्याला फोन लावला. मामा कांद्यात होते. "मामा, यादी कधी टाईप केली होती?"

"कायदा आल्यावर. वही आधीची, टायपिंग नंतरचं. का गं?"

"तळाशी तारीख आधीची आलीये."

ते खूप वेळ हसले. मग म्हणाले, "तू ती तशीच देणार आहेस का?"

हो, मी तशीच देणार होते. यादी खरी, जमीन खरी, तारीख तेवढी मशीनची. समोरचे इतकी वर्षं खोटं बोलत आलेत, आमचा एक जून त्यांना जड होणार होता का? मी अख्खं भाषण मनात तयार केलं आणि मावशींना ऐकवलं.

मावशींनी शेवटपर्यंत ऐकलं. "म्हंजी मशीन खोटं बोललं. आन् खाली अंगठा माझा?"

"हो, पण—"

"मंग सापडलं तर जमीन माझी जाईल का मशीनची?"

माझं भाषण तिथेच संपलं. मी पेन घेऊन तारखेवर काट मारली, शेजारी खरं काय ते लिहिलं आणि सही केली. आता त्या कागदाला काही वजन राहिलं नव्हतं. मग करायचं काय म्हणून मी ती नोंद मोठ्यानं वाचत बसले: पीक नागली, आणि चारी बाजूंचे शेजारी. उगवतीच्या बाजूच्या माणसाचं नाव ऐकून मावशींनी तोंड वाकडं केलं.

"तो अजून हाय. पर मी त्याच्याशी बोलत नाय."

"का?"

"बांधावरून. माझ्या मालकाशी लय भांडला व्हता."

सुनावणीला अजून चार दिवस होते. मावशी त्याच्या दारात गेल्या. काय बोलल्या ते मला कधीच सांगितलं नाही. पण सुनावणीच्या दिवशी तो म्हातारा काठी टेकत कचेरीत आला.

साहेबांनी काट मारलेली यादी उचलली. "हे काय? तारीख तुम्हीच खोडलीत?"

"खोटी होती म्हणून खोडली," मी म्हणाले. त्यांनी यादी खाली ठेवली. म्हाताऱ्याकडे वळले. "बाबा, यांचा नवरा तेव्हा जमीन कसत होता हे तुम्हाला कसं माहीत?"

"भांडलो ना त्याच्याशी! दोन हात बांध कोरला व्हता त्यानं. तो कसत नसता, तर मी काय झाडाशी भांडलो असतो?"

"कधी भांडलात?"

म्हाताऱ्यानं बंडीच्या खिशातून घडी केलेला कागद काढला, लेकीचा शाळेचा दाखला. "ही पाळण्यात व्हती तवा. आता तिचं लगीन झालं. जन्मतारीख वाचा."

साहेबांनी वाचली. पुन्हा वाचली. मग जबाब लिहायला घेतला.

तो डबा अजून चालू आहे. मैत्रीण म्हणते, काम झालं, बंद करू? मी म्हणते, राहू दे. कधीतरी रविवारी उघडते, मामांचे फोल्डर बघते, मराठीत चार ओळी लिहिते आणि सेव्ह न करता बंद करते. आजचा लॅपटॉप चांगला आहे, वेगवान आहे. पण त्यावर लिहिताना कोणी माझ्या पाठीमागे उभं राहत नाही.

पावसाळा संपल्यावर मावशींचा दावा मंजूर झाला आणि मोजणीला माणसं आली. मीही गेले. उगवतीच्या बांधावर म्हातारा आधीच काठी रोवून उभा होता. टेप तिथे पोचली तसा ओरडला, "दोन हात अलीकडं घ्या! हा बांध माझा हाय!"

मोजणीवाला वैतागून मावशींकडे बघायला लागला. मावशी खुशीत होत्या.

"भांडू द्या त्याला, दादा," त्या म्हणाल्या. "आन् ते बी लिवून घ्या."