कापरं टपाल

बाबांचं आणि माउसचं कधी पटलंच नाही. त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटलेला, आणि माउस पक्का चुगलखोर. हात जरा हलला की पडद्यावरचा बाण भलतीकडे. एकदा आलेला मेल उघडायला गेले आणि तो उडवूनच बसले. दुसऱ्यांदा गेले तर कुठल्याशा कुलरच्या जाहिरातीत जाऊन पडले. मग त्यांनी माउसची वायर उपटली, तो माझ्या टेबलावर आणून आदळला आणि म्हणाले, "हे घे तुयं. दुसरं काई असन तर सांग."

दुसरं काही माझ्याकडे होतंच. मी देवळी गावात घरी बसून एका दूरच्या कंपनीचे सर्व्हर सांभाळते. दिवसभर माझ्यासमोर एक काळी खिडकी आणि तिच्यात पांढरी अक्षरं. चित्र नाही, बटण नाही. आज्ञा टाइप करायची, एंटर दाबायचं, उत्तर येतं. आईच्या मते मी बिघडलेल्या टीव्हीसमोर बसून पगार घेते. या काळ्या खिडकीत माउस लागत नाही, म्हणून तीच बाबांना द्यावी असं मी ठरवलं.

बाबांना मेल हवा होता तो एकाच माणसासाठी. देवळीच्या बाजारओळीत आमचं कापडाचं दुकान होतं आणि भिंतीला भिंत लावून काकांचं किराण्याचं. काका म्हणजे बाबांचे मित्र, सख्खे कोणी नव्हेत, पण सख्ख्यांशी बाबा एवढं कधी भांडलेले नाहीत. गिऱ्हाईक नसलं की दोघंही बाहेर ओट्यावर यायचे आणि सुरू व्हायचे. मुख्य खटला गिरडचा. तरुणपणी दोघं सायकलने गिरडला गेले होते, हिंगणघाटला मुक्काम करून. दर्ग्याच्या टेकडीखाली काकांनी सायकल टेकवली आणि खाली बसले. बाबा म्हणतात, दम लागला. काका म्हणतात, चेन पडली. या एका चेनवर दोघांची जिंदगी गेली.

मग काका मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि तिथे त्यांचे कान पार गेले. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून त्यांनी ते ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. फोन संपला. व्हिडिओ कॉल एकदा करून पाहिला. दोघं एकमेकांकडे बघत बसले, बाबांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरलेला, काका नुसते मान हलवताहेत. थोड्या वेळाने काका उठून चहा प्यायला गेले ते परत आलेच नाहीत. मोबाइलवर लिहावं तर बाबांचं बोट काचेवर थरथरायचं आणि एका शब्दाच्या जागी दहा उमटायचे. उरला मेल, आणि चांगला जाड, खटखट वाजणारा कीबोर्ड.

सर्व्हरवरून टपाल ओढून आणणारी एक जुनी आज्ञा असते. तिच्या मागे पुढे बरंच काही लिहावं लागतं, ते बाबांना कोण शिकवणार? म्हणून त्या सगळ्याला मी एकच नाव दिलं: आणजो. बाबांनी काळ्या खिडकीत रोमन अक्षरांत 'anjo' लिहायचं आणि एंटर दाबायचं, की काकांचं टपाल हजर. पाठवायचं असलं की 'dhadjo'. बाबा पहिल्यांदा बघून खूश झाले. म्हणाले, "वा! कम्प्युटरले आपली बोली कळते काय?" मी म्हटलं, शिकवलं की कळते, माणसांपेक्षा लवकर. हा टोमणा त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखा केला.

देवनागरीचा नाद मी सोडून दिला होता. त्या खिडकीत काना एका गावाला आणि वेलांटी दुसऱ्या गावाला जाते. त्यामुळे दोघंही वऱ्हाडी इंग्रजी अक्षरांत लिहीत. वाचणाऱ्याला धाप लागावी असं ते दिसे, पण त्यांचं काही अडत नव्हतं.

खरी मजा आली लिहिलेलं दुरुस्त करण्यात. त्या खिडकीत बाणाची वरची कळ दाबली की मागची ओळ परत येते. कंट्रोल आणि ए दाबलं की ओळीच्या सुरुवातीला. कंट्रोल आणि डब्ल्यू, मागचा शब्द गायब. कंट्रोल आणि यू, सगळी ओळ साफ. आणि कंट्रोल आणि वाय दाबलं की पुसलेलं जसंच्या तसं परत. बाबांचा डावा हात ठणठणीत होता. तो कंट्रोलवर भक्कम बसायचा आणि उजव्याचं एक बोट नेम धरून खाली यायचं.

पुसण्याची आणि परत आणण्याची ही शेवटची जोडी बाबांना फार आवडली. सकाळी चहा झाला की ते बसत. आधी काकांना एक ठेवणीतली शिवी लिहीत. मग ती पुसत. मग जरा विचार करून परत आणत. "दुकानात असं होत नव्हतं," मला म्हणाले. "तोंडातून गेलं का गेलं. हे बरं हाये. शिवी द्याची का नाई, पाहून घेता येते." बहुतेक वेळा द्यायचेच.

मला त्यांच्याकडे बघत बसायला आवडायचं. माझं काम थांबायचं, कंपनीचा कोणीतरी तिकडून हाका मारायचा, आणि मी दारात उभी राहून बापाला शिव्या पुसताना बघायची. इतका गोड माणूस एरवी घरात दिवसभर एवढा कटकट्या कसा, हे मला आजवर कळलेलं नाही.

कंप मात्र कीबोर्डवरही होताच. बोट कळेवर टेकलं की उचलेपर्यंत दोनतीनदा आपटायचं. 'तू' लिहायला गेले की त-त-त-तू व्हायचं. वाईट दिवशी एखादं अक्षर निम्मी ओळ खाऊन टाकायचं. बाबा मागे जाऊन पुसत, पुसताना नवीन उमटत, मग वैतागून तसंच पाठवून देत. काकांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. पण एका हिवाळ्यात त्यांचं उत्तर आलं: "तुया अक्षरायले थंडी वाजून राह्यली काय बे? स्वेटर घाल त्यायले."

बाबा हसले नाहीत. कीबोर्ड बाजूला सारून उठले. जेवताना आईने काय झालं विचारलं तर म्हणाले, भाजीत मीठ नाही. मीठ होतं.

मला कारण कळत होतं. बाबांची कैची गावात प्रसिद्ध होती. खडूची रेघ न मारता ते कापड कापत आणि धागा हलत नसे. लग्नाचे बस्ते बांधायला नाचणगाव-पुलगावहून लोक येत ते त्या हाताच्या भरवशावर. काका ते रोज शेजारून बघत आलेले. त्याच काकांनी आता हाताचं हे बघावं, हे बाबांना सोसेना.

दुपारी ते माझ्या खोलीत आले. "एक काम कर, बाई. माह्यं लेखन जाच्या आंधी साफ होईन, असं काई कर. त्याले माया हात कायले दिसावा?"

ते तर माझ्यासाठी हातचा मळ. मजकूर वाटेत अडवून ओळीओळीने दुरुस्त करणारं एक साधं हत्यार आमच्याकडे असतं. एकच अक्षर लागोपाठ फार वेळा आलं की जास्तीची काढून टाक, असं मी त्याला सांगितलं. बाबांचे नेहमीचे चुकणारे शब्दही त्यात घातले. चहाची गाळणी असते तशी ती गाळणी मी 'धाडजो'च्या तोंडाशी बांधली. बाबा इकडे कसंही लिहोत, तिकडे काकांना स्वच्छ, कोरडी, एका मापाची अक्षरं मिळणार. मला माझं कौतुक वाटलं, बाबांनाही वाटलं. त्यांनी मला खिशातली सुपारी देऊ केली, जी ते कोणालाही देत नाहीत.

पहिलं साफ टपाल गेलं. काकांचं उत्तर आलं, पण दोन शब्दांचं: "बरं हाये." दुसरं गेलं. उत्तर नाही. तिसऱ्यात बाबांनी मुद्दाम गिरड काढलं, दम लागल्याचं मीठमसाला लावून लिहिलं. गिरडवर गप्प बसणारा तो माणूस नव्हे. तरी उत्तर नाही.

बाबा सकाळी 'आणजो' करत. खिडकीत ओळ यायची, नवीन टपाल नाही. मग वरची कळ दाबून तीच आज्ञा परत आणत, परत एंटर. आंघोळीनंतर पुन्हा. जेवणाआधी पुन्हा. एरवी बारीकसारीक गोष्टीवरून घर डोक्यावर घेणारे बाबा त्या दिवसांत अगदी सभ्य झाले होते, आणि ते मला अजिबात आवडलं नाही. मी सर्व्हर तपासला, तारा तपासल्या, सगळं ठीक. काकांच्या मुलाला फोन केला. म्हणाला, आमचे बाबा मजेत आहेत, कम्प्युटरसमोर बसतात, पण लिहीत नाहीत. विचारलं तर हात झटकतात.

"कंटाळला असन," बाबा म्हणाले. "पुण्यात नवे दोस्त भेटले असन. बऱ्या कानाचे." हे बोलताना ते दाराबाहेर बघत होते. मला इतकं भरून आलं की मी उगाच आईवर खेकसले.

मग एका सकाळी माझ्या पत्त्यावर काकांचं टपाल आलं. मला त्यांनी कधीच लिहिलं नव्हतं.

"बाई, खरं सांगजो. तुया बापाचा हात पार गेला काय? त्याच्या नावानं तू लिहून राह्यली, मले समजते. इतकं साफ तो जन्मात बोल्ला नाई. आंधी त्याचे अक्षरं पाहून मले समजे, आज हात लय कापून राह्यला, आज बरा हाये, आज रागात हाये. मले आता कानानं काई येत नाई. तेच ऐकत होतो मी. थंडी वाजते म्हटलं ते मस्करीत म्हटलं. त्याले लिहिता येत नसन तर तसं सांग, मी समजून घेईन. पण त्याच्या जागी तू नको बोलू. मले त्याच्यासंग बोलाचं हाये."

मी बाबांना बोलावलं आणि खुर्ची दिली. ते एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचू लागले. मधेच थांबले, चष्मा पुसला, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाले, "येडा हाये साला." जरा वेळाने म्हणाले, "काढून टाक ते तुयं गाळणं."

मी गाळणी काढली. बाबा कीबोर्डशी बसले. हात त्या दिवशी वाईट होता. खांद्यापासूनच हलत होता. 'मी' लिहायला गेले तर पहिलंच अक्षर सुटलं ते ओळीच्या टोकापर्यंत धावत गेलं. मागे अर्धवट शब्द, त्यात भलतीच कळ, त्यावर पुन्हा तेच. "मीच हाये, बैताड" एवढंच, नेहमीच्या शिवीसकट, त्यांना म्हणायचं होतं. ते लिहून होईस्तोवर आईचा कुकर लागून उतरला.

त्यांनी ओळीकडे पाहिलं. डावा हात सवयीने कंट्रोलवर गेला, उजव्याचं बोट यू-वर लटकत राहिलं. मला वाटलं, आता पुसणार. बराच वेळ ते बोट तसंच हवेत कापत होतं. मग त्यांनी डावा हात उचलला, खाली लिहिलं धाडजो, तेही नीट उमटेना, दोनदा लिहावं लागलं, आणि एंटर दाबलं.

मग आम्ही दोघंही तिथेच बसून राहिलो. आईने जेवायला हाक मारली, पण कोणी उठलं नाही. बाबांनी आणजो केलं. नाही. वरची कळ, एंटर. नाही. पुन्हा वरची कळ.

आलं.

"हां. आता आला आवाज. आन् आयक, चेनच पडली होती."